जरा सरक

३ फेब्रुवारी, सोमवार

ताणला एकदाचा! माझ्यापेक्षा वीतभर उंच कॅनव्हास, आणि एक सुरकुती नाही. टिचकी मारली की घुमतो. वर्गातला खोडरबर (नाव आम्हीच ठेवलेलं) शेजारी उभा राहून म्हणाला, "एवढा मोठा? भरणार कधी तू?" अरे, मी भरेन. तू तुझं बघ.

शेवटचं वर्ष, शेवटचं चित्र. मार्चमध्ये ज्युरी. बाहेरचे परीक्षक प्रत्येकाच्या इझलसमोर उभे राहणार, प्रश्न विचारणार, मग प्रदर्शन. प्रदर्शनात दारासमोरची भिंत एकाच चित्राला मिळते. आत पाऊल टाकलं की आधी तेच दिसतं. ती भिंत माझी आहे! हे फक्त इथं लिहिते आहे, पण वर्गाला न सांगताच ठाऊक आहे.

विषय — आई.

अट पहिल्या वर्षापासूनचीच. माझ्या चित्राला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

ही अट जरासरांमुळे. सरांचं खरं नाव हजेरीपटावरच. सर मागून येतात, चित्राकडे बघतात आणि म्हणतात, "जरा सरक." की आपण स्टुलावरून उठायचं, सर बसणार, आपला ब्रश त्यांच्या हातात, आणि बघता बघता आपलं मेलेलं चित्र जिवंत. मग ते उठून निघून जातात आणि आपण बसतो एका अशा चित्रासमोर, ज्यात बरं तेवढं सरांचं आणि उरलेलं आपलं. वर्गात त्याला "हात लागलेलं चित्र" म्हणतात. हात लागलेल्या चित्राला मार्क चांगले पडतात. लोक सर यायच्या वेळेला मुद्दाम उसासे सोडत बसतात!

पहिल्या वर्षी माझ्याकडे आले. "जरा सरक." मी सरकले नाही. म्हटलं, "सर, तोंडाने सांगा. करायचं माझं मी करेन." वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सर बघत राहिले, मग मोठ्याने हसले आणि पुढे गेले. तेव्हापासून ते मला "सरकार" म्हणतात. न सरकणारी म्हणून सरकार.

खोडरबरच्या चित्रात मात्र खोडरबर शोधावा लागतो. बिचारा. दिवसभर काढतो आणि खोडतो, आणि सर दिसले की आपण होऊन उठून उभा राहतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आईची पहिली बैठक. मंगळवारी तिची सकाळ मोकळी असते, संध्याकाळची एकच बॅच. आई गाडी शिकवते, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. निम्मं गाव तिच्या हाताखालून रस्त्यावर आलं आहे. बाबा सोडून. बाबांना शिकवायचा प्रयत्न तिने केला होता. तो विषय आता घरात कुणी काढत नाही.

खुर्ची मांडली, म्हटलं, "बस, कशीही बस." बसली. आणि पाच मिनिटांत तिचा पाय लांब होऊन जमिनीवर दाबला गेला — गाडीतल्या तिच्या बाजूच्या ब्रेकवर! एक हात अर्धा उचललेला, शेजारच्या हवेतल्या स्टिअरिंगकडे. धरू की नको, असा.

मी ओरडले, "हलू नकोस!"

"काय झालं?"

"अशीच बस! ही पोझ!"

"अगं, ही काय पोझ? ही सवय आहे."

तीच तर हवी होती. पोझ मागून मिळत नाही. दुपारपर्यंत कोळशाने सगळं मांडून घेतलं. एकदाही पुसलं नाही. हात असा चालला की मलाच मजा वाटली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पार्श्वभूमी झाली. करडी, गार, काही न बोलणारी. छान.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईने आज उठल्या उठल्या इझलच्या या बाजूला येऊन बघितलं.

"माझं नाक एवढं आहे?"

"आहे."

"आणि हा चेहरा? मी काय कुणाला खाणार आहे का?"

"समोर शिकाऊ माणूस असला की तू अशीच दिसतेस."

"मग बिचारे नापास होतात ते काही उगाच नाही," म्हणाली, आणि हनुवटी बारीक करता येईल का ते विचारलं. मी जाहीर केलं — आता प्रदर्शनापर्यंत चित्र बघायचं नाही. बसायचं, उठायचं, घरी जायचं. इझलची पाठ तेवढी तुझी.

"बरं बाई," म्हणाली. "तुझ्या सरांना तरी बघू देतेस की नाही?"

"बघू देते. हात लावू देत नाही."

"का गं? मी रोज दहा जणांच्या स्टिअरिंगला हात लावते. नाहीतर तुझी आई आज कुठल्या तरी भिंतीत असती."

हसायला आलं. पण गाडी वेगळी. गाडी भिंतीवर गेली तर माणसं जातात. चित्र भिंतीवर जाण्यासाठीच असतं! हे तिला ऐकवलं. म्हणाली, "बोलण्यात तू कुणाला हार जाणार नाहीस," आणि पुन्हा ब्रेकवर पाय ठेवून बसली.

चेहरा झाला. नाक एवढंच ठेवलं आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं आलं, खांदा येत नाही. उचललेल्या हाताचा खांदा. चेहरा बोलतो, बोटं बोलतात, पाय तर ओरडतो, आणि मधे हा खांदा — खुंटीला अडकवलेल्या कोटासारखा. रंग बरोबर आहे. मोजमाप बरोबर आहे. तरी मेलेला!

खोडरबर म्हणाला, "जरासरांना एकदा बसू दे ना. एक मिनिटाचं काम आहे त्यांचं."

म्हणूनच बसू देणार नाही.

घरी जेवताना पण माझं तेच. खांदा असा, खांदा तसा. बाबा म्हणाले, "आमच्या ताटात खांदा नको, भाजी वाढ." आईने विचारलं, नेमकं काय बिघडलं आहे. म्हटलं, तो हलत नाहीये. म्हणाली, "चित्रच आहे ते, हलेल कसं?" पण नंतर हात धुताना स्वतःचाच खांदा आरशात बघत होती!

येईल. आला नाही असं आजवर काही झालं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

सकाळी आई बसली, मी खांद्यावरच होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला. आई म्हणाली, मला भूक नाही, तुम्ही जा, मी इथंच पाय मोकळे करते. मी आणि खोडरबर गेलो. परत आलो तर आई पर्स घेऊन दारातच. "बॅच आहे गं माझी, निघते." आणि झपाझप जिन्याकडे.

मी इझलसमोर आले आणि बघतच राहिले.

खांद्यावर एक फटकारा. खुर्चीसाठी कालवलेल्या तांबड्याचा, जाड, ओला, एकाच दमात मारलेला. खांद्याच्या गडद निळ्यावरून निघून, कडेची रेषा तोडून, सरळ करड्या पार्श्वभूमीत घुसलेला. आणि खांदा जिवंत!

तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं! चार वर्षं नुसतं बघून पुढे जाणारा माणूस शेवटच्या महिन्यात, मी डबा खायला गेले असताना, चोरासारखा येऊन हात मारून जातो! आणि खोडरबर माझ्या मागून म्हणतो, "आई गं... काय मारलाय!"

घरी आल्यावर आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी सर आले होते का गं?"

"आले होते की. बराच वेळ उभे होते तुझ्या चित्रासमोर. मला म्हणाले, बसा, उठू नका."

"आणि?"

"आणि काय, गेले."

झालं. तिला इझलची पाठ दिसणार, तिला काय कळणार पुढे काय चाललं होतं ते. मी पुढे काही बोलले नाही. आई आज भलतीच खुशीत आहे, कुणीतरी अवघड गिऱ्हाईक पहिल्या फेरीत पास झालेलं दिसतं. झोपायला जाताना विचारलं, "काय गं, खांदा जमला का?"

"जमेल," म्हटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर त्याच्यासमोर बसून होते. रंग लावला नाही.

खरं लिहायचं तर लिहिते — तो फटकारा चांगला आहे. चांगला म्हणजे काय, चित्रातली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. मी कडेला येऊन थांबते. कुणीही थांबेल. आपल्याला कडा शिकवलेल्या असतात. हा थांबलाच नाही. कड आहे की नाही याची फिकीरच नाही. असं बेफिकीर व्हायला चाळीस वर्षं रंगवावं लागतं. मला एका नजरेत हात ओळखता येतो. हा जरासरांचा, त्यांच्या बहराच्या काळातला.

सगळा वर्ग येऊन बघून गेला. बाकीचे मला शाबासकी देत होते! खोडरबरला खरं माहीत आहे. तो कानाशी कुजबुजला, "वेडेपणा करू नकोस. राहू दे. ज्युरीला काय स्वप्न पडणार आहे? भिंत तुझी झाली समज."

भिंत त्याच्यामुळे मिळणार असेल तर ती माझी कशी?

रात्री झोप लागेल असं वाटत नव्हतं, पण लागली. म्हणजे मनाने ठरवलेलं दिसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काढला.

पॅलेट नाइफने खरवडला, मग टर्पेन्टाइनच्या बोळ्याने पुसला, खालचा कॅनव्हास दिसेपर्यंत. मुद्दाम सगळ्यांसमोर, आणि मुद्दाम सर वर्गात असताना.

सर मागे येऊन उभे राहिले. मी थांबले नाही.

"का काढलंस, सरकार?"

"माझं नव्हतं ते, सर."

सरांनी वाकून पुसलेली जागा बघितली. मग म्हणाले, "हं. चांगलं होतं पण."

काय हा माणूस! स्वतः मारलेल्या फटकाऱ्याला स्वतःच चांगला म्हणतो! वर तोंडावरची रेघ हलत नाही! मी म्हटलं, "चांगलं असलं तरी माझं नव्हतं." त्यावर मान हलवली, जरा कौतुकाने हलवली असं वाटलं, आणि गेले. हार मानायची ही त्यांची रीत असेल.

खोडरबर बोळ्याकडे बघत होता. चेहरा असा, जणू मी कुणाला मारून टाकलं. मला मात्र हलकं वाटलं. मस्त वाटलं!

२२ फेब्रुवारी, शनिवार

खांदा पुन्हा कोट.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मीच कड तोडून बघितली, त्यांच्यासारखी. नक्कल! बघताक्षणी कळते. खरवडली. कॅनव्हास तिथं गुळगुळीत व्हायला लागला आहे.

खोडरबर म्हणाला, "सांगत होतो." सांगत होतास तर सांगत होतास. माझ्या हातात काही बिघडलेलं नाही. मी बघतेच आहे चुकीचं. वर्गातल्या खुर्चीत आई ब्रेक मारते, पण समोर गाडीच नाही, तर खांदा कशाला मेहनत घेईल? मला खरी गाडी हवी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आईच्या गाडीत मागच्या सीटवर बसले! सोबत स्केचबुक.

शिकाऊ म्हणजे एक काका, निवृत्त झालेले. स्टिअरिंग असं घट्ट धरलेलं की सोडलं तर पडतील. आई एकदम वेगळी बाई. घरातला आवाजच नाही.

"काका, क्लच. क्लच! डावीकडचा. तुमचा डावा, माझा नाही."

"हो हो, मॅडम."

"हो म्हणू नका, दाबा."

मी मागे तोंडावर हात दाबून बसले होते. काकांनी आरशातून माझ्याकडे बघून केविलवाणं हसूनही घेतलं, आणि तेवढ्यात गल्लीतून एक सायकलवाली मधे आली.

आणि मला दिसलं! आईचा खांदा वर जात नाही. पुढे जातो. हाताच्याही आधी. हात उचलायचा की नाही हे तिने अजून ठरवलेलं नसतं आणि खांदा निघालेला असतो. गाडी थांबली, सायकलवाली शिव्या देत गेली, काका घामाघूम, आणि मी मागून ओरडले, "पुन्हा करा!"

"उतर खाली," आई म्हणाली. "आधी उतर."

मी चार वेळा वर उचललेला खांदा रंगवत बसले होते. वर नाही, पुढे! तो तांबडा फटकाराही पुढेच निघाला होता की, कडेबाहेर. जरासरांना हे गाडीत न बसता दिसलं. चोर असले तरी मानलं पाहिजे.

१ मार्च, शनिवार

आला!!!

तांबडा वापरलाच नाही. कड तशीच ठेवली आणि तिच्या बाहेरचा करडा एका ठिकाणी कापरा केला, खांदा येतो आहे म्हणून जागा देणारा. खांद्यावर रंगाचे फक्त दोन हात, निळ्यावर निळा. सकाळी बसले, उठले तेव्हा झालेलं होतं. माझं आहे. पहिल्यापासून शेवटापर्यंत माझं.

खोडरबर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता सर मला 'जरा सरक' म्हणाले ना, की मी पण नाही उठणार."

बघू या.

१० मार्च, सोमवार

ज्युरी झाली. बाहेरच्या परीक्षक बाई होत्या, छोट्या केसांच्या, चष्मा कपाळावर. सगळ्यांकडे दोन दोन मिनिटं, माझ्याकडे चहा थंड होईपर्यंत. नाकाचं कौतुक केलं! (आईला सांगणार आहे.) मग खांद्याजवळ आल्या, डोळा कॅनव्हासला टेकेल इतक्या.

"इथं काही खरवडलंय का?"

"हो."

"काय होतं?"

"दुसऱ्याचा हात होता."

बाई सरळ झाल्या, माझ्याकडे बघितलं, मग जरासरांकडे. सर छताकडे बघत होते. छतात काय होतं? काही नव्हतं. पंखा होता.

"म्हणजे चांगलं नव्हतं?"

"फार चांगलं होतं," मी म्हटलं. "माझं नव्हतं."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हसल्या. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातही कुणीतरी "जरा सरक" म्हणणारं होतं.

११ मार्च, मंगळवार

भिंत माझी!

खोडरबर माझ्याआधी धावत आला सांगायला. दारासमोरची, पूर्ण, शेजारी दुसरं चित्र नाही. सर आले, म्हणाले, "काय सरकार, आता तरी सरकणार का? मला खिळा ठोकायचाय." सगळे हसले. मी सरकले. राग कुठल्या कुठे गेला आहे. त्यांनी तो फटकारा मारला नसता तर मी गाडीत जाऊन बसले असते का? एक दिवस त्यांना हे सांगेनही. आजच नाही.

चार वर्षं, आणि एक ठिपकाही उसना नाही. किती जणांना म्हणता येतं हे? स्वतःचा फार अभिमान वाटतो आहे. वाटू दे.

१४ मार्च, शुक्रवार

प्रदर्शन सुरू. लोक दारात थांबतात! आत यायचं विसरतात. एका बाईने आपोआप पाय जमिनीवर दाबला, ब्रेक आपल्याच पायाखाली असल्यासारखा. बाबा येऊन गेले. चित्रासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मला अजून भीती वाटते हिची." आई रविवारी येणार, शनिवारी तिच्या लोकांची परीक्षा आहे.

१६ मार्च, रविवार

आई आली. नवी साडी. लांबून बघितलं, हसली, नाकाबद्दल काही बोलली नाही. मग जवळ गेली आणि खांद्यासमोर वाकून शोधायला लागली. या बाजूने, त्या बाजूने.

"अगं, माझं कुठं गेलं?"

"तुझं काय?"

"मी मारलेला तो. लाल. तू जेवायला गेली होतीस ना, सर गेल्यावर... रोज खांदा खांदा करत होतीस, म्हटलं बघावं एकदा. नंतर तू काही बोलली नाहीस, मला वाटलं आवडला."

मी तिच्या हाताकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"पुसलास होय?" आई म्हणाली, आणि माझ्या दंडावर थोपटलं. "बरं केलंस बाई. रेषेच्या बाहेरच गेला होता माझा."